भूर्जपत्राचे पाकीट: साल अस्सल, माहिती मात्र शून्य

जळगावातील एका जुन्या पूजासाहित्याच्या दुकानात मिळणाऱ्या भूर्जपत्राच्या (भोजपत्र, म्हणजे भूर्ज या झाडाची साल) पाकिटाविषयी हा अभिप्राय आहे. किंमत १५० रुपये, आत तळहाताएवढे पाच तुकडे आणि वर ‘धनप्राप्ती व सर्वकार्यसिद्धी’ अशी ठळक छपाई. पूजेचे यंत्र (मंत्राक्षरांची आकृती) काढण्यासाठी ते घ्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मी ते घेतले ते केवळ झाडापायी. भूर्जवृक्ष हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर, जंगलाची हद्द संपते तेथवर वाढतो. आपल्या तोरणमाळची उंची त्याच्या निम्मीही नाही, आणि जळगावचा मे महिना सर्वांच्याच परिचयाचा आहे. तेव्हा खानदेशात बसून या झाडाची ओळख करून घ्यायची, तर ती सालीवरूनच.

माल अस्सल आहे, हे आधीच सांगतो. बाहेरचा पृष्ठभाग पांढुरका, किंचित गुलाबी झाक असलेला, आणि त्यावर बारीक आडव्या तपकिरी रेघा; या रेघा म्हणजे खोडाची श्वसनरंध्रे असून भूर्जाची ती सर्वांत खात्रीची खूण होय. कडेला नखाने हलकेच उचलले की एकाखाली एक असे पातळ पदर सुटत जातात आणि प्रत्येक पदरावर त्याच रेघा त्याच जागी दिसतात. छापील नकलेत ही गोष्ट साधत नाही. रात्रभर पाण्यात ठेवलेला तुकडा सकाळी जसाच्या तसा निघाला, त्याचा लगदा झाला नाही. कोपऱ्याला काडी लावताच मात्र तेलकट ज्योत धरून काळा धूर सोडू लागला. सालीतील बेट्युलिन या द्रव्यामुळे तिला पांढरा रंग येतो.

सातपुड्यात फिरणाऱ्यांना येथे कांडोळाची आठवण होईल, कारण त्याचेही खोड पांढरे व गुळगुळीत असते आणि सालीचे पापुद्रे निघतात. परंतु त्या पापुद्र्यांवर भूर्जासारख्या आडव्या रेघा नसतात. झाड समोर असेल तर शंकेला जागाच उरत नाही: कांडोळाचे पान पंजासारखे पाच खंडांचे व फळ खाजऱ्या केसांचे, तर भूर्जाचे पान साधे, अंडाकृती, दातेरी कडांचे आणि फुलोरा लोंबत्या तुऱ्यांचा. यावल अभयारण्यात कोणी ‘भोजपत्राचे झाड’ म्हणून पांढरे खोड दाखवलेच, तर पानाकडे पाहावे.

लिहिण्यासाठीही हे तुकडे चांगले आहेत. अकराव्या शतकात भारताविषयी ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-बिरुनी या विद्वानाने नोंदवले आहे की, भूर्जाच्या सालीला तेल चोळून, घोटून ती कठीण व गुळगुळीत करीत आणि मगच तिच्यावर लिहीत. मी तीळतेलाचा हलका हात फिरवून शंखाने घोटले, तेव्हा बोरूची काळी शाई न पसरता बसली. न घोटलेल्या तुकड्यावर ती रेघांच्या खाचांत शिरून अक्षर फाटले. संस्कृतचे जर्मन अभ्यासक जॉर्ज ब्यूलर यांनी १८७५ साली काश्मीरमधून मिळवलेली भूर्जपत्रावरील शारदा या जुन्या काश्मिरी लिपीतील हस्तलिखिते आज पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहेत, ती कशाच्या बळावर टिकली असतील याची थोडी कल्पना हा पदर बोटांत धरल्यावर येते.

आता तक्रार. पाकिटावर झाडाचे नाव, प्रदेश, साल कशी काढली, यांपैकी काहीही नाही. विचारले तर ‘हरिद्वारचा माल आहे भाऊ, झाडावरून आपोआप गळतो’ असे उत्तर मिळाले. पाचपैकी तीन तुकड्यांबाबत ते खरे असू शकेल, कारण ते पातळ असून त्यांच्या कडा वेड्यावाकड्या फाटलेल्या आहेत. उरलेल्या दोघांच्या पाठीला मात्र तांबूस तपकिरी जाड थर चिकटलेला असून कडा सुरीने सरळ कापलेल्या आहेत. आपोआप सुटणाऱ्या पापुद्र्याला असा थर नसतो; तो आतल्या सालीचा भाग आहे, आणि खोडाभोवती ती साल कापली गेली की झाड वाळते. गंगोत्रीच्या वरच्या भोजबासा या ठिकाणाला ज्या भूर्जवनाने नाव दिले, ते पूर्वीच्या तोडीमुळे विरळ झालेले आहे, हे ध्यानात घेता दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याला हा प्रश्न विचारायलाच हवा.

दुकानदार पाकीट उघडून दाखवण्यास कुरकुर करीत नाही, ही त्याची जमेची बाजू. घ्यायचेच असेल तर तुकडे उलटून पाहावेत आणि पाठीला तपकिरी थर असलेले परत करावेत. माझे दोन तुकडे त्याने विनातक्रार बदलून दिले.