ओढ्यातलं नायट्रेट-फॉस्फेट मोजायला काय घ्यावं? पट्टी, थेंबांचं किट, पॅकटेस्ट, चेकर आणि लॅब, सगळं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमचं रान शिरोळ तालुक्यात, पंचगंगेपासून दोन-तीन शेतं सोडून. रानातली चारी ओढ्याला मिळते आणि ओढा नदीला. तेरवाडच्या बंधाऱ्याला मासे मेले की सगळे कारखान्यांबद्दल आणि शहरांच्या सांडपाण्याबद्दल बोलतात, बरोबरच आहे, बोललंच पाहिजे, पण शिवारातून जे युरिया-डीएपी खत (पाण्यात तेच नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणून दिसतं) नदीला जातं त्याबद्दल कोण बोलत नाही, कारण त्याला तोंडच नाही, पाईप नाही, फोटो काढून दाखवावं असं काहीच नाही, ते प्रत्येक सरीतून थोडं थोडं जातं. आडसाली उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची (नायट्रोजनची), म्हणजे एकरी १६० किलो, आणि शिफारशीवर थांबणारे आमच्याकडं कमीच. यातलं उसाला किती लागलं आणि ओढ्याला किती गेलं हे मला स्वतःला बघायचं होतं म्हणून दोन वर्षं एकेक वस्तू घेत गेलो. कुणी गावात किंवा शाळेत असं काही सुरू करणार असेल तर त्यांच्यासाठी लिहितोय, म्हणजे माझ्यासारखा पहिला सीझन वाया जाणार नाही.

पहिल्यांदा घेतल्या नायट्रेटच्या पट्ट्या. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोप्या. पाण्यात बुडवायची, झटकायची, ६० सेकंद थांबायचं आणि डबीवरच्या रंगांशी जुळवायचं. गुलाबी ते गडद जांभळा. बोअरसाठी ही वस्तू एकदम भारी, कारण पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि पट्टीवर १०, २५, ५०, १०० असे टप्पे असतात, म्हणजे पाणी प्यायचं की नाही एवढं लगेच कळतं. पण नदीवर गेलो आणि पट्टी पांढरीच. परत बुडवली, पांढरीच. मला वाटलं नदी चांगली आहे! तसं नव्हतं. सगळ्यात खालचा टप्पाच १० चा, त्याच्या खाली तिला दिसतच नाही आणि शेवाळ-जलपर्णी वाढायला त्याच्यापेक्षा कितीतरी कमी पुरतं. तर पट्टी बोअरला आणि चारीला घ्या, नदीला नको. आणि डबी उघडी ठेवू नका, पावसाळ्यातल्या दमट हवेनं पट्ट्या खराब होतात, माझी अर्धी डबी तशीच गेली.

दुसरं, मत्स्यालयवाले वापरतात ते थेंबांचं किट. यावर जास्त लिहीत नाही. दोन बाटल्या असतात, दुसऱ्या बाटलीतली पावडर तळाला बसते, ती चांगली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा सरळ कमी येतो, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि वाचत कोण नाही. मला ऑनलाईन विक्रेत्यानं पाठवलं त्याची एक्सपायरी जवळ आली होती, परत घ्यायला तयार नव्हता. घेताना तारीख विचारून घ्या. टाकीतल्या माशांसाठी ठीक आहे पण याचे टप्पे मोठे आहेत, ओढ्याच्या कामाला माझ्या मते नको.

आता पॅकटेस्ट. ही माझी सगळ्यात आवडती. क्योरित्सू नावाच्या जपानी कंपनीची छोटी प्लास्टिकची नळी असते, आत पावडर आधीच भरलेली आणि टोकाला एक दोरा. दोरा ओढला की बारीक भोक पडतं, नळी दाबून हवा काढायची, पाण्यात धरून सोडायची, अर्धी नळी भरून पाणी आत येतं, हलवायची आणि थांबायचं. नायट्रेटला ३ मिनिटं, फॉस्फेटला ५. काचेचं सामान नाही, थेंब मोजायचे नाहीत, हाताला केमिकल लागत नाही. अर्थवॉच संस्थेचा फ्रेशवॉटर वॉच म्हणून उपक्रम आहे, जगभर साध्या माणसांकडून नद्या-तळी मोजून घेतात, त्यांच्या किटमध्ये हीच पद्धत आहे. त्यांच्या रंगपट्टीवर लिटरला नायट्रेट-नत्र ०.२ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत आणि फॉस्फेट-स्फुरद (स्फुरद म्हणजे फॉस्फरस) ०.०२ पासून १ पर्यंत दिसतं. म्हणजे जिथं पट्टी आंधळी होती तिथं हिला दिसतं. आकडा नेमका येत नाही, "०.५ ते १ च्या मध्ये" असा टप्पा येतो, पण ओढ्याच्या वर आणि ओढ्याच्या खाली असा फरक बघायला तेवढं पुरतं. एक गोष्ट आम्ही ठरवून करतो, मी आणि पुतण्या दोघंजण वेगवेगळा रंग बघतो, एकमेकांना न सांगता कागदावर लिहितो, मगच जुळवतो. उन्हात बघायचा नाही, सावलीत पांढऱ्या कागदावर नळी धरून बघायचा. दोघांचा टप्पा वेगळा आला तर नवीन नळी फोडायची.

इथं एक सांगतो, नीट वाचा, कारण अर्धे घोळ इथंच होतात. "नायट्रेट" आणि "नायट्रेट-नत्र" हे दोन वेगळे आकडे आहेत, पहिला अख्ख्या नायट्रेटचा, दुसरा त्यातल्या फक्त नत्राचा. नत्राचा आकडा ४.४३ नं गुणला की नायट्रेटचा येतो. म्हणजे रंगपट्टीवर १० नत्र दिसलं तर ते ४४ नायट्रेट, पिण्याच्या मर्यादेला टेकलेलं. तसंच फॉस्फेटला ३.०७ नं भागलं की स्फुरद येतं. ग्रुपवर कुणी आकडा टाकला की मी पहिल्यांदा विचारतो, कशात मोजलाय? बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

चौथी वस्तू म्हणजे हॅनाचा फॉस्फेट चेकर. मुठीत मावेल एवढं मशीन, काही हजारात येतं, ०.०० ते २.५० पर्यंत फॉस्फेट दाखवतं. १० मिली पाणी बाटलीत घ्यायचं, आधी त्याच पाण्यावर शून्य करायचं, मग पुडी टाकून हलवायचं, ३ मिनिटांनी निळसर झालेल्या पाण्याचा आकडा स्क्रीनवर येतो. डोळ्याचा प्रश्नच मिटला. पैसे वसूल झाले असं मी नक्की म्हणेन, पण हिच्याकडून काय मागायचं हे कळलं पाहिजे. कंपनीच सांगते की अधिकउणे ०.०४ आणि वर ४ टक्के एवढी चूक धरा, म्हणजे ०.०५ आणि ०.०८ यात फरक आहे असं ओरडून सांगू नका. ०.१० आणि ०.६० यात मात्र फरक आहे. काचेच्या बाटलीवर बोटाचा ठसा, आत बुडबुडा, पुडी नीट न विरघळणं, प्रत्येकानं आकडा हलतो. बाटली साबणानं धुवायची नाही, नुसतं डिस्टिल्ड वॉटर. आणि सॅम्पल आणायला कोलाची रिकामी बाटली तर अजिबात वापरू नका, कोलात फॉस्फोरिक ॲसिड असतं, नीट खंगाळली नाही तर तुम्ही नदी नाही, कोला मोजताय. आमच्या एका खेपेचे सगळे आकडे असेच फेकावे लागले, पोरं बिचारी उन्हातान्हात फिरून सॅम्पल घेऊन आली होती, फार वाईट वाटलं.

शेवटी लॅब. दोनदा दिली. पहिल्यांदा रिपोर्ट आला, फॉस्फेट: बीडीएल. म्हणजे त्यांच्या पद्धतीला जेवढं कमीत कमी दिसतं त्याच्या खाली. नंतर फोन करून विचारलं तर त्यांची खालची मर्यादाच एवढी वर होती की आमचा ओढा त्यात कधी दिसणारच नव्हता, पैसे गेले. लॅबची चूक म्हणणार नाही, मी आधी विचारायला पाहिजे होतं. तर विचारा: किती पर्यंत खाली मोजता, आकडा नत्रात देणार की नायट्रेटमध्ये, गाळून मोजणार का, आणि एकूण स्फुरद करणार की फक्त विरघळलेलं? दुसऱ्यांदा दुसऱ्या लॅबला हे सगळं विचारून दिलं, सॅम्पल बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचवलं, आणि तो रिपोर्ट खरंच उपयोगाचा होता. कारण एकूण स्फुरद फक्त तिथंच कळतं. चेकर आणि पॅकटेस्टला फक्त पाण्यात विरघळलेलं दिसतं, मातीच्या कणाला चिकटलेलं दिसत नाही आणि पावसाळ्यात गढूळ पाण्यातनं बरंच स्फुरद मातीवर बसूनच जातं. बांधावरून माती वाहून गेली म्हणजे डीएपी पण गेलं. म्हणून चेकरवर आकडा कमी आला तरी पाणी गढूळ असेल तर खूष होऊ नका.

पण दोन वर्षांनी माझं ठाम मत झालंय की काय घेतलं यापेक्षा कधी मोजलं हे जास्त महत्त्वाचं. पहिल्या वर्षी मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजायचो, अगदी नियमानं, आणि वर्षभर काही विशेष दिसलंच नाही. कारण शेतातलं खत रविवार बघून निघत नाही. ते भरणीचा (उसाला माती लावतानाचा) डोस पडल्यावर मोकाट पाणी सुटलं की निघतं, पहिल्या मोठ्या पावसाला निघतं. नायट्रेट जमिनीत मुरून खालनं पाझरतं, आमच्याकडं क्षारपड रानात पाणी काढायला सच्छिद्र पाईप घातलेत त्यांच्या तोंडाला मोजलं तर कळतं, आणि ते पाऊस थांबल्यावर पण कितीतरी दिवस येत राहतं. दुसऱ्या वर्षी ठरवलं, महिन्याची खेप ठेवायची पण पाऊस पडला की त्या दिवशी आणि नंतर दोन दिवस मोजायचंच, ओढ्याचं पाणी चढताना एक आणि उतरताना एक. तेव्हा पहिल्यांदा नळी गडद झाली.

याचा अजून एक फायदा. गावचं गटाराचं पाणी रोज साधारण तेवढंच येतं, त्यामुळं ओढ्याला पाणी वाढलं की ते पातळ होतं, आकडा उतरतो. शेतातलं उलट, पाणी वाढलं की आकडा पण चढतो. म्हणजे उन्हाळ्यात जास्त आणि पावसात कमी असेल तर संशय गटारावर, पावसात चढत असेल तर आपल्यावर. अगदी कोर्टात टिकेल असा पुरावा नाही हा, पण कुठं बघायचं ते कळतं. पक्कं करायचं तर नत्राचं समस्थानिक (आयसोटोप) तपासतात, खताचं आणि मैल्याचं वेगळं ओळखायला, पण ते संशोधन संस्थांचं काम, आपलं नाही.

आणि बादली विसरू नका, माझ्या सगळ्या सामानात सगळ्यात जास्त कळलं ते बादलीनं. नुसता मिलिग्रॅमचा आकडा अर्धाच असतो, पाणी किती वाहतंय ते पण पाहिजे. २० लिटरची बादली चारीच्या पाईपाला लावली, २० सेकंदात भरली, म्हणजे सेकंदाला १ लिटर. नायट्रेट-नत्र १० असेल तर सेकंदाला १० मिलिग्रॅम, दिवसाला ८६४ ग्रॅम. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. भागाकार करा, २४ दिवसात एक पोतं युरिया एका पाईपातून ओढ्याला. हे गणित पारावर मांडलं तेव्हा मिलिग्रॅम ऐकून जांभया देणारे आमचे काका उठून बसले.

महागातल्या गोष्टी पण आहेत. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशावर चालणारे नायट्रेट सेन्सर पाण्यात लावून ठेवले की दर थोड्या मिनिटांनी आकडा देतात, इंग्लंडमध्ये ईडन, वेन्सम आणि एव्हन नद्यांच्या खोऱ्यात सरकारनं अशी सतत मोजणारी यंत्रणा उभी केली होती. रात्री दोनला पाऊस पडला तरी आकडा चुकत नाही. पण किंमत लाखात, काचेवर शेवाळ धरतं, गढूळ पाण्यात गडबडतं आणि आमच्या ओढ्यावर तांब्याची केबल टिकत नाही तिथं हे कोण राखणार. काही जण स्वॅटसारख्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये पाऊस, माती, पिकं घालून हिशोब काढतात, चांगलं आहे, पण त्याला पण ताडून बघायला कुणीतरी मोजलेला आकडा लागतोच.

तर मी काय घेईन? पॅकटेस्टच्या नायट्रेट आणि फॉस्फेटच्या नळ्या, एक बादली, एक वही. गटात चार-पाच जण असतील तर वर्गणी काढून चेकर. लॅब वर्षातून दोनदा, एकदा पहिल्या पुराला आणि एकदा बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यावर पाणी साठलं की, एकूण स्फुरदासाठी आणि आपले आकडे ताडायला. वापरलेल्या नळ्या-पुड्यांचं पाणी ओढ्यात ओतायचं नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवा, नायट्रेटच्या काही पुड्यांत कॅडमियम असतं, पाकिटावर बघा.

पट्ट्यांची उरलेली डबी काकांनी नेली. त्यांच्या बोअरला ५० च्या पुढं रंग आला आणि घरात सुनेला सातवा महिना आहे, त्यामुळं आता पिण्याचं पाणी नळाचं भरतात. यंदा भरणीचा युरिया त्यांनी एका दमात न टाकता तीन हप्त्यात टाकलाय, त्यांच्या चारीच्या तोंडाला आम्ही पहिल्या पावसाला बादली लावणार आहे. नळ्या मागवून ठेवल्यात.