बिलावर लिहिलं होतं, ‘पार्क फी समाविष्ट’

केन्यातल्या मसाई मारा अभयारण्याच्या सेकेनानी गेटवर गाडी पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सकाळी नैरोबीहून निघालो होतो. रिफ्ट व्हॅलीचा उतार, मग नारोक गाव, असा पाच-साडेपाच तासांचा रस्ता. ड्रायव्हर उतरून तिकिटाच्या खिडकीशी गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. “पोले साना, मामा,” तो ताईला म्हणाला. स्वाहिलीत मामा म्हणजे आई आणि पोले साना म्हणजे फार वाईट वाटतंय. आमच्या चौघांची प्रवेश फी भरलेलीच नव्हती.

ही ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. मी, आमचे हे, ताई आणि भावोजी. मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांचे कळप एकदा डोळ्यांनी बघायचे, हे ताईच्या मनात नोकरीत असल्यापासून होतं, आणि सहलीचे बरेचसे पैसे तिच्या निवृत्तीच्या रकमेतले होते. म्हणून हा राग अजून जात नाही.

सहल ठरवून देणारा माणूस आपल्याकडचाच. नात्यातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नंबर मिळाला होता. रोज फोन, “काकू, तुम्ही फक्त बॅगा भरा.” त्याच्या बिलात एक ओळ होती: ‘मसाई मारा नॅशनल पार्क, केडब्ल्यूएस फी, समाविष्ट.’ खोट त्या ओळीतच होती, पण ती आम्हाला वाचता आली नाही. मसाई मारा हे नॅशनल पार्क नाही, नॅशनल रिझर्व्ह आहे. केन्या वाइल्डलाइफ सर्व्हिस, म्हणजे केडब्ल्यूएस, नाकुरू किंवा त्सावोसारखी राष्ट्रीय उद्यानं सांभाळते. माराची फी नारोक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारच्या, तिजोरीत जाते. ज्याने खरंच कधी माराची फी भरली आहे, त्याच्या बिलावर केडब्ल्यूएसचं नाव येणारच नाही.

फीचा आकडाही आम्ही कधी विचारला नाही. परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, असा दर तेव्हा नुकताच लागू झाला होता. वर तिकीट आता सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं. आम्हाला मात्र सांगितलं होतं, “चोवीस तासांचं असतं, दुपारी आत गेलात की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फिरा.” हा जुना नियम. म्हणजे ती दुपार आणि दुसरा अख्खा दिवस धरून चौघांचे १,६०० डॉलर, त्या वेळच्या भावाने सुमारे १ लाख ३४ हजार रुपये. एवढी रक्कम आमच्याकडून घेतली होती आणि ती केन्यापर्यंत पोचलीच नव्हती.

पैसे कसे काढून घेतले तेही सांगते, कारण त्यात फसणारे पुष्कळ असतील. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला आपल्याकडून टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा करून सरकारकडे भरायचा कर, घ्यावाच लागतो. त्या वर्षी सात लाखांपर्यंत तो ५ टक्के होता. हा म्हणाला, “निम्मी रक्कम माझ्या स्वतःच्या खात्यात यूपीआयने टाका, तेवढा टीसीएस वाचेल.” आम्हाला ते पटलं. वास्तविक टीसीएस बुडत नाही. तो आपल्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या पत्रकात दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतंच. आमच्या हातून गेली ती पक्की पावती, आणि तीच त्याला नको होती.

गेटवर आम्ही तास-दीड तास फोन लावत बसलो. आधी रिंग वाजत राहिली, मग फोन बंद. शेजारून हिरव्या गाड्या आत जात होत्या. मसाई बायका खिडकीशी मण्यांच्या माळा घेऊन येत होत्या. ताई एक शब्द बोलली नाही. शेवटी ठरवलं की ती दुपार सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवसाचे ८०० डॉलर कार्डाने भरायचे. रात्री कॅम्पवर कळलं की ड्रायव्हरलाही डिझेलपुरतेच पैसे मिळाले होते, रोजंदारी नाही. तो कुठल्या कंपनीचा नोकर नव्हता, रोजावर बोलावलेला माणूस होता. गेटवर काही जण त्याच्यावर ओरडतात असं तो म्हणाला. कृपा करून ओरडू नका. तिथे तोच एकटा तुमच्या बाजूचा असतो.

निघण्याआधी मागून घ्यायच्या गोष्टी अशा. फी नक्की कोणाला, किती दिवसांची आणि दर माणशी किती डॉलर, हे बिलावर आकड्यात लिहून घ्या. ‘समाविष्ट’ या शब्दावर थांबू नका. तिथली गाडी ज्या कंपनीची, तिचं नाव आधी मागा आणि ती केन्या असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सच्या सभासदांत आहे का ते पाहा. कॅम्पला स्वतः ईमेल करून आपलं बुकिंग आणि पैसे पोचलेत का ते विचारा; आमचं कॅम्पचं बुकिंग खरं निघालं, पण ते आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. नैरोबीत गाडीत बसण्याआधी फीची पावती हातात घ्या. नसेल तर त्या क्षणी विचारा, गेटवर पोचेपर्यंत थांबू नका.

ईटीएतही आम्ही जास्त पैसे मोजले. जानेवारी २०२४ पासून केन्याने व्हिसाऐवजी ही ऑनलाइन परवानगी सुरू केली. सरकारी फी तीस डॉलरच्या आसपास, सहल ठरवून देणाऱ्याने दिलेल्या लिंकवर माणशी ८५ गेले. खऱ्या साइटचा पत्ता ‘डॉट जीओ डॉट केई’ने संपतो. पीतज्वराच्या लशीबद्दलही तो म्हणाला होता, “कोणी विचारत नाही.” भाच्याने हट्ट धरला म्हणून आम्ही घेतली, ताई साठीच्या पुढची असल्याने आधी डॉक्टरांना विचारून. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. परतताना मुंबईला लस घेतल्याचं पिवळं कार्ड तपासलं, आणि ज्यांच्याकडे नसतं त्यांना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

१९३० या सायबर हेल्पलाइनला आम्ही घरी आल्यावर फोन केला, पैसे दिल्याला महिना उलटून गेल्यावर. पहिल्या काही तासांत कळवलं तर खात्यातली रक्कम थांबवता येते, असं तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं. गेटवरूनच सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकता आली असती, ते सुचलं नाही. आता पोलिसांत अर्ज दिलाय, ग्राहक आयोगाकडेही कागद केलेत. त्याचं ‘समाविष्ट’ लिहिलेलं बिल आणि सेकेनानीची ८०० डॉलरची पावती ताईने एकाच पिनेत लावून जोडली आहे.