वालहाइम : गणपतीपासून शिमग्यापर्यंत घरं बांधून

वालहाइम हा व्हायकिंगांच्या जगात जगायचा, लढायचा आणि घरं बांधायचा कॉम्प्युटर गेम. त्याबद्दल लिहिणारे बहुतेकजण लढायांबद्दल लिहितात. मी राक्षस कमी मारले आणि खांब जास्त पुरले, त्यामुळे खालचा सगळा अनुभव बांधकामाचा आहे. तलवारी, जादू, कुठला बॉस कसा मारायचा, हे दुसरीकडे भरपूर सापडेल.

गेम स्वीडनच्या आयर्न गेट स्टुडिओचा. 2 फेब्रुवारी 2021 ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला, आला आणि पहिल्या महिनाभरातच 50 लाखांवर प्रती खपल्या. तेव्हा डाउनलोड जेमतेम 1 जीबीचं होतं. आता वाढलंय, पण हल्लीच्या मोठ्या गेमच्या मानाने अजून हलकं. गुहागरकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड लावून झोपणाऱ्या माणसाला याची किंमत कळते. मी गणपतीत घेतला, शिमगा झाला तरी चालूच आहे.

बांधायची पद्धत साधी. हातात हातोडी, जवळ वर्कबेंच, म्हणजे सुतारकामाचं मेज. बेंचपासून साधारण 20 मीटरच्या आत काहीही ठोका. बेंचवर हत्यारं बनवायची तर त्याच्या डोक्यावर छप्पर लागतं. नुसतं बांधकाम करायला ते उघड्यावर असलं तरी चालतं. हे सुरुवातीला कोणी सांगत नाही आणि नवा खेळाडू उगाच आधी बेंचसाठी खोपट उभारत बसतो. माउसचं चाक फिरवलं की तुकडा 22.5 अंशांनी वळतो, म्हणजे पूर्ण फेरीत 16 दिशा. तुकड्यांची टोकं एकमेकांना आपोआप चिकटतात, शिफ्ट दाबून धरलं की चिकटणं बंद. कुठलं टोक कुठे चिकटवायचं ते निवडायची सोय नंतरच्या अपडेटमध्ये आली, आणि तिच्यामुळे अर्धी चिडचिड कमी झाली. माउसच्या मधल्या बटणाने तुकडा मोडला की त्याचं सगळं सामान परत मिळतं. या एका गोष्टीमुळे मी धाडस करत गेलो. भिंत आवडली नाही? पाडा. लाकूड कुठे जात नाही.

आता मुख्य मुद्दा, आधार. हातोडी हातात घेऊन एखाद्या तुकड्याकडे बघितलं की तो रंगतो. जमिनीला टेकलेला निळा. वर चढत जाल तसा हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी लाल. लालच्या पुढचा तुकडा ठेवलात की ठेवल्या ठेवल्या मोडून पडतो. वाटतं सोपं, पण पहिले दोन महिने मी याचा अर्थ चुकीच्या बाजूने लावणारे व्हिडिओ बघत होतो. ते सांगतात, छप्पर जड झालं, भार वाढला, म्हणून पडलं. तसं काही नसतं. बांधकामात या गेमला वजन ठाऊकच नाही. तो फक्त एवढंच बघतो की हा तुकडा जमिनीपासून, शेजाऱ्या-शेजाऱ्यांतून मोजत, किती लांब आहे आणि मधले शेजारी कशाचे आहेत. एका खांबावर दहा तुळया टेकवा नाहीतर शंभर, खांबाला फरक पडत नाही.

आमच्या बाबांना हे पटलं नाही. ते मागून चहा घेऊन जाताना स्क्रीनपाशी थांबले. मी तेव्हा कोकणी घर उभारत होतो : जोतं, ओटी, तिन्ही बाजूंनी पडवी, वर उतरतं छप्पर. माजघर मोकळं दिसावं म्हणून मधला खांब काढून टाकला होता.

"आढं कोण धरतंय?" बाबा.

"बाजूच्या भिंती धरतात."

"भिंती वासे धरतात रे. आढं कोण धरतंय?"

मी हातोडी आढ्यावर नेली. पिवळं होतं. बाबांना तो पिवळा रंग दाखवला, हा चालतो म्हटलं. "गेमला चालत असेल," म्हणाले आणि गेले. आमच्या घराची शाकारणी गेली तीस-पस्तीस वर्षं ते स्वतः उभं राहून करून घेतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण त्यांच्या प्रश्नामुळे एक कळलं. खऱ्या घरात खांब कुठे घालायचा हे वरचं ओझं ठरवतं, इथे अंतर ठरवतं. वजनाचा खरा हिशेब करणारा गेम हवा असेल तर 7 डेज टू डाय बघा, तिथे प्रत्येक ठोकळ्याला वस्तुमान आहे आणि जास्त झालं की खालचा मजला घेऊन सगळं खाली येतं.

अंतराचे आकडे गेम दाखवत नाही, पण खेळाडूंनी कोड उघडून ते काढलेत आणि माझ्या बांधकामांत ते जुळले. साध्या लाकडाचा आधार जमिनीवर 100 पासून सुरू होतो आणि 10 च्या खाली गेला की तुकडा पडतो. सरळ वर जाताना मीटरमागे साधारण 12.5 टक्के घटतो, आडवं जाताना 20 टक्के. म्हणजे उंची परवडते, पण लांब सज्जा परवडत नाही. पाइनच्या झाडातून मिळणारं गाभ्याचं लाकूड 140 पासून सुरू होतं आणि वर जाताना 10 टक्केच गमावतं. मोठ्या घराचे खांब आणि आढं याच लाकडाचं करा, बाकी भिंती-तक्तपोशी साध्या लाकडाची, म्हणजे पैसे वाचतात. म्हणजे लाकूड वाचतं. दगड 1000 पासून सुरू होतो, ऐकायला दणकट, पण त्याला किमान 100 लागतात आणि आडवा तो जवळजवळ काहीच पुढे पोचवत नाही. दगडाची भिंत खालून वर बांधा, कुरकुर नाही. दगडाचा छज्जा काढायला जाल तर डोकं धराल. शिवाय दगड घडवायच्या स्टोनकटरला 2 लोखंड लागतं, म्हणजे दलदलीत उतरून तळघरं फोडेपर्यंत दगडी घर विसरा.

लोखंडाच्या पट्ट्या मारलेली तुळई हा खरा राजा. 1500 पासून सुरू, उभी-आडवी दोन्हीकडे मीटरमागे साडेसात टक्क्यांच्या आसपासच घट. माडी, मनोरा, लांब दालन, सगळं तिच्या जिवावर. फक्त ते लोखंड पोर्टलमधून, म्हणजे क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या दारातून, नेता येत नाही. जहाजात भरून आणायचं. एका लोखंडाचं वजन 12, माणूस उचलतो 300, बाकी जहाजाच्या पेटीत. आणि वारा समोरून आला की शीड पाडून वल्ही मारत बसायचं. हे मला अजिबात कंटाळवाणं वाटलं नाही, उलट गेममधला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. पुण्यातल्या मित्राला मात्र ते असह्य झालं आणि त्याने सेटिंगमध्ये जाऊन पोर्टलची बंदीच उठवली. ज्याचं त्याचं.

लोखंड यायच्या आधी दोन जुगाड. पहिला, कुदळीने घराच्या आत मातीचा उंचवटा उभा करायचा आणि खांब त्यावर टेकवायचा. जमीन ती जमीन, खांब निळा, तिथून पुढे आधार नव्याने सुरू. मूळ पातळीपासून 8 मीटरपर्यंतच जमीन वर-खाली होते आणि दर वेळी दगड खर्च होतो, पण उतारावरच्या घराला हा रामबाण. दुसरा जुगाड झाडांचा. उभ्या झाडाला तुळई टेकली तर गेम झाडाला जमीनच समजतो. माझ्या मामेभावाच्या सर्व्हरवर आम्ही असा एक टेहळणी मनोरा बांधला होता, अर्धा झाडावर. मामेभाऊ चिपळूणला, मी इथे. एका रात्री तो लाकडं तोडत तोडत त्या झाडापाशी आला. मला हेडफोनमध्ये आधी "अरे" ऐकू आलं आणि मग वरून खाली एकेक मजला फुटत गेल्याचा आवाज. सामान खाली पसरलं होतं, ते गोळा करायला तासभर गेला.

पावसाबद्दल कोकणातल्या माणसाने लिहायलाच हवं. गेममध्ये पाऊस लागणारं लाकूड झिजतं, पण अर्ध्यावर येऊन थांबतं, त्याखाली पाऊस नेत नाही. छपराचे तुकडे झिजत नाहीत. तक्तपोशीचे तुकडे वर टाकून धाबं केलंत तर ते गळतं, खालचं लाकूड भिजतंच. गंमत अशी की पाऊस लागतो की नाही हे गेम तुकड्यातून सरळ वर बघून ठरवतो. डोक्यावर छप्पर आहे? कोरडा. नाही? ओला. वाऱ्याबरोबर येणारी तिरपी सर हिशेबातच नाही. मी सवयीने पडवी खोल ठेवली होती, वळचण पार पुढे काढली होती. गरजच नव्हती. अर्धा मीटर पाखं पुढे आलं तरी भिंत ठणठणीत. वादळाने छप्पर उडणं हाही प्रकार नाही. 2021 च्या तौक्ते वादळात आमच्या वाडीत आडव्या झालेल्या पोफळी ज्यांनी बघितल्यात, त्यांना गेममधलं वादळ म्हणजे नुसता आवाज वाटेल. समुद्रात मात्र लाटा बऱ्या आहेत.

धूर मात्र खरा आहे आणि तो मला फार आवडला. चुलीतून निघालेला धूर वर जाऊन साठतो. वाट ठेवली नाही तर घरात पसरतो, आपल्याला गुदमरवतो आणि शेवटी विस्तवही विझवतो. वाट उघडी ठेवली तर पाऊस आत येऊन विस्तव विझवतो. उपाय असा की आढ्यापाशी फट ठेवायची आणि त्या फटीवर थोडं उंच दुसरं लहान छप्पर बसवायचं. धूर बाजूने निघतो, पाऊस आत येत नाही. हे जमल्यावर मी बाबांना बोलावलं. या वेळी त्यांनी दोन मिनिटं बसून बघितलं.

तक्रारी. छपराचे उतार दोनच, 26 आणि 45 अंश. मूळ छप्पर 45 आणि पडवी 26 ठेवायची तर सरळ बाजूला छान दिसतं, पण दोन उतार कोपऱ्यात एकत्र वळवायचे म्हटलं की त्यासाठी तुकडाच नाही. मी शेवटी एकात एक तुकडे घुसवून भागवलं. लांबून कळत नाही, जवळून गेलं की पृष्ठभाग लुकलुकतो. डागडुजी फुकट आहे, पण एकेका तुकड्यावर जाऊन हातोडी मारायची. पन्नास खांबांची पडवी असेल तर पावसाळ्यानंतरचं ते काम खऱ्या घराइतकंच जिवावर येतं. घर फार मोठं झालं की फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळत चालतं, आणि माझ्या लॅपटॉपचा पंखा एप्रिलच्या दुपारी असा ओरडतो की मी संध्याकाळीच खेळतो. लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण राउटर जातो. मग ज्याच्या यंत्रावर जग चालू असतं त्याच्याकडे इंटरनेट असूनही मी बाहेर. त्यामुळे मोठं काम मी एकट्याच्या जगात करतो, मामेभावाकडे फक्त फिरायला जातो.

नुसतं बांधायचंच असेल, लढाई नकोच असेल, तर ऑगस्ट 2023 च्या अपडेटपासून नवं जग तयार करताना हॅमर नावाचा पर्याय आहे. त्यात सामान लागत नाही, हल्ले होत नाहीत, प्राणी अंगावर येत नाहीत. आराखडा तपासायला मी तो वापरतो : तिथे घर उभं करायचं, रंग बघायचे, कुठे किती लोखंड लागेल ते वहीत लिहायचं आणि मग खऱ्या जगात जहाज काढायचं. सध्याच्या माडीला अजून दोन खेपांचं लोखंड हवंय.