घराच्या प्लॅनवर घेतलेला अभिप्राय: एक पावसाळा, एक हिवाळा राहून पाहिल्यावर

घर नवी मुंबईतल्या ऐरोलीतलं. प्लॉट १०० चौरस मीटरचा, तळमजला अधिक एक, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. राहणारे सहाजण, त्यांत आजी-आजोबा. काम सुरू होण्याआधी प्लॅन आर्किटेक्टखेरीज स्ट्रक्चरल इंजिनिअर, प्लंबर, सुतार आणि घरात स्वयंपाक करणाऱ्यांनी तपासला होता. कोणत्या सूचना वापरात खऱ्या उतरल्या, ते इथे लिहितो आहोत.

आधी विचारण्याची पद्धत. ‘प्लॅन कसा वाटतो?’ असं विचारलं की ‘छान आहे, हॉल जरा मोठा हवा’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी काम सांगून विचारा. जुलैत सहा माणसांचे कपडे कुठे वाळणार? रात्री आजोबा उठले तर दिव्याचं बटण कुठे? ओट्याशी दोघी उभ्या असताना फ्रिज पूर्ण उघडतो का? असे प्रश्न पुढे ठेवले की सुतारसुद्धा आर्किटेक्टच्या नजरेतून निसटलेलं दाखवतो.

प्रिंट १:५० मापात काढा. म्हणजे एक मीटर दोन सेंटिमीटरचा होतो. त्याच मापात जाड कागदाचे तुकडे कापा: डबलबेड ६ बाय साडेसहा फूट, कपाट २ फूट खोल, वॉशिंग मशीन २ बाय २. कपाटाचं दार आणि खोलीचं दार दोन्ही उघडी काढून पाहा. प्लॅनवरची मापं बहुतेक वेळा कच्च्या भिंतींची असतात. प्लास्टर, चिकटवणारा माल आणि टाइल धरली की बाथरूमच्या प्रत्येक बाजूला सुमारे ३० मिलिमीटर जातात. ४ फुटी बाथरूम ३ फूट साडेनऊ इंचांची उरते. शिवाय ६ इंची भिंतीत ९ इंची कॉलम आला की तो ३ इंच खोलीत डोकावतो. नेमका कपाटाच्या कोपऱ्यात आला तर कपाट तेवढं कापावं लागतं. म्हणून कॉलमची जागा ठरलेलं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय फर्निचरवर मत मागू नका.

सगळ्यात मोलाची सूचना जिन्याबद्दल होती: पायऱ्या मोजा. दोन मजल्यांतलं अंतर १० फूट, म्हणजे १२० इंच. १५ पायऱ्यांत चढवलं तर प्रत्येक पायरी ८ इंच उंच होते, आणि ती गुडघ्यांना रोज जाणवते. १८ केल्या की पावणेसात इंचांच्या आत येते. ९ आणि ९ अशा दोन टप्प्यांत, १० इंची पायरी धरली तर एका टप्प्याला ६ फूट ८ इंच आणि मधल्या वळणाला किमान ३ फूट लागतात. एवढी लांबी कागदावर नसेल तर जिना चढायला खडा होणार हे नक्की. आता आजी दिवसातून दोनदा वर जाते, तीही कठड्याला हात लावत, न थांबता. या एका बदलापायी हॉल दीड फुटाने लहान झाला, आणि तो सौदा चांगलाच ठरला.

दुसरी सूचना वरच्या मजल्याचा ट्रेसिंग पेपर खालच्या मजल्यावर ठेवून पाहण्याची. तेव्हाच कळतं की वरचं टॉयलेट देवघरावर येतंय, की बीम पलंगावरून जातोय. टॉयलेटं एकाखाली एक आली की ११० मिलिमीटरचा पाइप सरळ डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, उतरतो. तो पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीत मात्र घेऊ नका, रात्री फ्लशचा आवाज येतो.

पावसाचा अंदाज सगळ्यांनीच थोडा कमी केला. वास्तुशास्त्राप्रमाणे मुख्य बेडरूम नैऋत्येला असते, आणि आपल्याकडचा पाऊसही तिकडूनच मारतो. १८ इंची छज्जा त्या भिंतीला पुरत नाही, २४ तरी हवा, आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच. खिडकीच्या उंबऱ्याचा दगड बाहेर उतरता बसवून घ्या. सपाट बसला तर स्लायडिंगच्या पट्टीत साचलेलं पाणी आत येतं. स्लायडिंग खिडकीचं आणखी एक: ५ बाय ४ फुटी खिडकी कागदावर २० चौरस फूट दिसते, पण उघडते निम्मीच. उजेड पूर्ण, वारा अर्धा. समोरासमोर दोनच बाजू उघड्या असलेल्या घरात हा फरक मेमध्ये कळतो. जिन्याच्या वर जाळीचा झरोका ठेवल्याने गरम हवा वर निघून जाते. खर्च थोडा, उपयोग भरपूर.

तळमजल्यासाठी प्लंबरचं ऐका. नवी मुंबईत पावसाचं पाणी होल्डिंग पाँडमध्ये साठतं आणि ओहोटीला खाडीत सोडलं जातं. भरती आणि मुसळधार एकदम आले की गटारं तुंबतात. तळमजल्याची जाळी रस्त्याच्या चेंबरपेक्षा खाली राहिली तर पाणी उलटं घरात येऊ शकतं. जोतं उंच घ्या, शेवटच्या चेंबरला पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, आणि तो साफ करता येईल असं झाकण ठेवा.

आजी-आजोबांच्या बाथरूमचं दार बाहेर उघडणारं केलं आहे. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अडकतं. पकडायच्या दांडीची जागाही प्लॅनवरच मारून घ्या. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंतीत स्क्रूची साधी गिट्टी धरत नाही, तेवढ्या पट्ट्यात विटा किंवा काँक्रीट लागतं.

स्वयंपाकघरात दोन ओट्यांमध्ये ४ फूट मागितले होते, टाइल लागल्यावर पावणेचार राहिले. दोघींना पुरतात. कपडे वाळवायला ४ बाय ६ फुटांची झाकलेली जागा आणि वर पंख्याचा पॉइंट, ही सूचना घरातल्यांचीच. जुलैत तिची किंमत कळते.

एसीचं बाहेरचं युनिट आणि त्याच्या नळीची वाटही प्लॅनवर हवी. नंतर भोक पाडायची वेळ आली की कारागीर सोपी जागा म्हणून बीमलाच हात घालतो.

प्रत्येक बदलानंतर ड्रॉइंगवर नवा क्रमांक आणि तारीख घाला, आणि साइटवरची जुनी प्रत स्वतः काढून घ्या. मुकादम भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरूनच काम करतो.