उंदरांचा जाळीचा पिंजरा : माल बरा, पण लावायचा कधी ते बघा

भुसावळकडच्या एका कृषी दुकानातून जीआय तारेचे स्प्रिंगवाले पिंजरे घेतले. कंपनीचं नाव सांगत बसत नाही, तोच माल चार नावांनी मिळतो. आमचं शेत तापीकडच्या काळ्या जमिनीत, एकीकडे केळी आणि दुसरीकडे दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभरा, मधल्या बांधावर बिळंच बिळं. विषाचं नको म्हटलं, कारण जुन्या विहिरीत गव्हाणी घुबडाची जोडी राहते आणि ब्रोमॅडिओलोन (उंदीर मारायचं विष) खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला की ते त्याच्याही पोटात जातं. फुकट काम करणारे गडी कशाला मारायचे?

तार जाड आहे, घुशीने रात्रभर कुरतडून पण वाकली नाही. दार पण सटकन पडतं. खटका मात्र बोगस, पहिल्याच पावसात गंजला आणि पाय द्यायची पट्टी इतकी जड की शेतातली ती दहा-बारा ग्रॅमची बारकी उंदरी आत जाऊन शेंगदाणे खाऊन आरामात बाहेर येते. शिळी भजी लावली की मोठे सापडतात.

आता मेन गोष्ट, जी बॉक्सवर लिहिलेलीच नाही. दुकानदार म्हणतो दाणे भरले की लावा. अहो, तोपर्यंत उशीर झालेला असतो! भाचा झूलॉजीत एमएस्सी करतोय, तो हातमोजे घालून (लेप्टो, म्हणजे उंदराच्या मुतातून होणाऱ्या तापाची भीती असते, मूत हाताला लागू देऊ नका) सापडलेला प्रत्येक उंदीर उलटा करून बघतो. वैशाखात बहुतेक नरांची वृषणं पोटात वर ओढलेली, बाहेर काही दिसतच नाही, आणि माद्यांची स्तनाग्रं बारीक, गाभण क्वचितच. पाऊस पडून हिरवं उगवलं की तेच नर टपोरी पिशवी घेऊन फिरतात आणि माद्यांच्या स्तनाग्रांभोवतीचे केस गेलेले, म्हणजे पिल्लं पीत असणार. शेजारचे आबा बघून म्हणाले, "उंदीर शे की ससा शे रे भाऊ?"

कारण असं की मेंदूतून जीएनआरएच नावाचं संप्रेरक (हार्मोन) सुटलं तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच-एफएसएच ही संप्रेरकं सुटतात आणि मग वृषणं-अंडाशयं कामाला लागतात. थंड देशात हा नळ दिवसाच्या लांबीवर चालतो, रात्र मोठी झाली की मेलाटोनिन हे अंधारात सुटणारं संप्रेरक जास्त वेळ सुटतं, सीरियन हॅमस्टरचा दिवस साडेबारा तासांच्या खाली गेला की वृषणं आकसतात. अमेरिकेतल्या पहाडी व्होलला (उंदरासारखंच एक जनावर) तर कोवळ्या गवतातला ६-एमबीओए नावाचा पदार्थच इशारा देतो, हे १९८१ मध्ये छापून आलं. आपल्याकडे मोठ्यात मोठा आणि लहानात लहान दिवस यात फरकच अडीच-एक तासाचा, त्यामुळे पाऊस, पाणी आणि खाणं याला वजन जास्त. एकदा सुरू झालं की तीन आठवड्यांच्या आसपास गर्भ, आणि बऱ्याच उंदरांत मादी व्याल्यावर दिवसभरात परत माजावर येते. म्हणजे उन्हाळ्यात एक मादी पकडली तर पुढची सगळी फौज वाचली, दाणे भरल्यावर पकडली तर एकच उंदीर कमी झाला.

पण यात एक गोम आहे. दादरच्या कोरड्या बांधावर ४५ डिग्रीत सगळं बंद असताना केळीच्या ठिबकाशेजारी मे महिन्यात पण गाभण घूस सापडली. घूस तशीही खायला मिळालं तर बारमाही विते, आणि आपण तिला भर उन्हाळ्यात ओलावा, सावली, घड सगळंच पुरवतो. त्यामुळे पिंजरे कमी असतील तर पहिले केळीच्या कडेला लावा, कोरडा बांध नंतर.

लावायच्या आदल्या संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा, सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू, पिंजरा तिथेच. आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) मृगापर्यंत लावले तर पैसे वसूल. सकाळी ऊन चढायच्या आत बघायला जा, नाहीतर आतलं जनावर तडफडून मरतं आणि वास बसला की दुसरं लवकर शिरत नाही.

पाचपैकी साडेतीन, अर्धा तारेसाठी जास्तीचा. घेताना सुटा खटका मागून घ्या, मागितला तर देतात.