नेपाळच्या आजारी बाळाच्या नावावर आमचे पैसे नेले

दत्तक घ्यायला कोणी तुम्हाला नेपाळचं आजारी लेकरू दाखवत असेल आणि त्याच्या ऑपरेशनसाठी पैसे मागत असेल, तर एक रुपयाही द्यायच्या आधी हे वाचा.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नाव टाकलं तरी निरोगी तान्ह्या बाळासाठी ३ वर्षांहून जास्त थांबावं लागतं, हे ऐकून होतो. ओळखीच्या ओळखीतून एक एजंट घरी आला तो हेच धरून. नागपूरच्या कुठल्याशा ट्रस्टचं कार्ड दिलं, माझ्या सासूबाईंच्या पाया पडला आणि मोबाइलवर एका पोरीचा फोटो दाखवला.

“ताई, ९ महिन्यांची आहे. हृदयाला छिद्र आहे म्हणून तिले कोणी घेऊन नाही राह्यलं. ऑपरेशन झालं की ठणठणीत.”

दूध पिताना तिला दम लागतो, घाम फुटतो, वजन वाढत नाही, असं तो सांगायचा. हृदयातल्या मोठ्या छिद्राची ही लक्षणं खरीच आहेत. खोट्यात असं खरं मिसळलेलं होतं. मी तिचं नावही ठरवून टाकलं होतं.

आधी फाइलचे ३५ हजार. मग बालगृहाची देणगी, मग दवाखान्याची आगाऊ रक्कम १ लाख २० हजार. कापसाचा चुकारा गेला, बचत गटाचं कर्ज काढलं, माझ्या पाटल्या गेल्या. दर वेळी खातं निराळ्याच माणसाच्या नावाचं. यांनी पावती मागितली की लगेच नवा फोटो यायचा, नाकात नळी घातलेल्या लेकराचा. मागून फोन: “भाऊ, इथं लेकराचा जीव चालला अन् तुम्ही कागद मागून राह्यले?” यावर आईबाप व्हायला निघालेला माणूस काय बोलणार? लेकराचा आजार त्यांनी आमचं तोंड बंद करायला वापरला. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

उलगडा झाला तो एजंटने दिलेल्या इको रिपोर्टमुळे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमुळे. अशा बाळाला काय खाऊ घालायचं हे विचारायला मी तो यवतमाळच्या एका बालरोगतज्ज्ञांना दाखवला. त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं: महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची रुंदी ३० मिलिमीटर. “बाई, ही मोठ्या माणसाची आहे. ९ महिन्यांच्या बाळाची याच्या निम्मीही नसते.” कोणातरी मोठ्या माणसाच्या रिपोर्टवर नाव आणि वय बदललेलं होतं.

त्यानंतर जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेलो. हे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असतं, आणि दत्तकाबद्दल काहीही विचारायचं तर तिथं फुकट विचारता येतं. तिथं कळलं ते असं. परदेशातलं मूल दत्तक घ्यायचं तर आधी त्या देशाच्या कायद्याप्रमाणे तिथली प्रक्रिया पुरी व्हावी लागते, आणि इकडे ‘कारा’ची मंजुरी लागते. मधल्या एजंटला त्यात जागाच नाही. एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याबद्दल देशादेशांमधला १९९३ चा हेग करार आहे. भारताने तो २००३ साली मान्य केला. नेपाळने २००९ मध्ये सही केली, पण पुढची मान्यता दिलेली नाही. आमचा एजंट तर म्हणत होता की नेपाळची सीमा मोकळी आहे, व्हिसा लागत नाही, सीमेवरच्या सोनौली गावात लेकरू हातात देतो. माणसांना व्हिसा लागत नाही हे खरं, पण असं मूल आणणं म्हणजे मुलाची खरेदी. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ८१ खाली मूल विकणारा आणि घेणारा, दोघांनाही ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड आहे. पैसे तर गेलेच, उद्या हे तुरुंगातही गेले असते.

ज्यांना खरंच आजारी किंवा अपंग लेकरू पदरात घ्यायचं आहे, त्यांना नेपाळकडे बघायची गरजच नाही. ‘कारा’च्या पोर्टलवर विशेष गरजा असलेल्या मुलांची वेगळी यादी आहे, आणि त्यांच्यासाठी तेवढं थांबावं लागत नाही. प्रत्येक मुलाचा वैद्यकीय अहवाल मिळतो, तो आपल्या डॉक्टरांना दाखवता येतो. हृदयाच्या ऑपरेशनला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मदत होते. गावच्या अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक याच कार्यक्रमाचं. हे मला आधी कोणी सांगितलं नाही, म्हणून मी भेटेल त्या बाईला सांगत असते.

आम्ही १९३० वर, म्हणजे ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला. शेवटी पाठवलेल्या रकमेतले थोडे पैसे बँकेने गोठवले, आधीचे निघून गेले होते. पैसे गेल्याबरोबर फोन केला तरच ते अडवता येतात, म्हणून नातेवाइकांना विचारत बसू नका. लाजेपोटी व्हॉट्सअॅपचे मेसेज पुसू नका. व्यवहार क्रमांक, खात्यांची नावं, रिपोर्ट, फोटो, सगळं पोलिसांना द्या.

नाकात नळी असलेलं ते लेकरू कोणाचं तरी आहे, आणि त्याच्या आईबापाला बहुधा माहीतही नसेल की त्याचा फोटो कुठं कुठं फिरतोय. आमच्या तक्रारीत मी ते वेगळं लिहायला लावलं आहे. असाच फोटो तुम्हालाही आला असेल, तर पुढे पाठवू नका, तो घेऊन ठाण्यात जा.