मोटार अपघाताचा दावा लोकअदालतीत मिटवावा का? सायकलवाल्यांसाठी परीक्षण

आधी निकाल: पाचपैकी साडेतीन तारे. सेवा चांगली आहे, पण वेळ चुकली की नुकसान आपलंच. दावा लवकर दाखल करायचा आणि तडजोड उशिरा करायची, एवढं जमलं तर साडेतीनाचे चार धरा.

प्रश्न सायकलवाल्यांचा आहे. सकाळी फाट्याफाट्यावरून कॉलेजच्या गावाकडे पोरं निघतात, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आठवी ते बारावीच्या मुली निघतात. त्याच सडकेवर कापसाच्या हंगामात टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या, काळीपिवळी आणि भरधाव कार. धडक बसली की दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन दिवसांत कुणीतरी कोऱ्या वकीलपत्रावर सही मागायला हजर होतो. बोली टक्क्यांची असते. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, भरपाईत वाटा तर नाहीच. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, फोन १५१००. मग टक्केवारी कशाला?

दावा चालतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे जिल्हा न्यायालयात. अपघात जिथे झाला तिथेच जावं लागतं हा गैरसमज आहे. पोरगा पुण्यात शिकायला आणि अपघातही तिथेच, तरी आई-बाप राहत्या जिल्ह्यात, यवतमाळला किंवा वर्ध्याला, अर्ज करू शकतात. मुदत मात्र पाहा: १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज, अशी अट आहे. त्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये.

पोलिसांचं काम आता नमुन्यांत बांधलेलं आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. कागदावर हे उत्तम. ठाण्यात मात्र पाठपुरावा करावा लागतो. जखमीचे हक्क लिहिलेला नमुना २ मागून घ्या, सोबत एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत.

आणि सायकल दुरुस्तीला टाकू नका. मागचा रिम आठसारखा वाकलेला, मडगार्ड आत चेपलेलं आणि हँडल सरळ असेल, तर धडक मागून बसली हे दिसतं. पुढचा काटा वाकलेला असेल तर कथा वेगळी. विमा कंपनीचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो: पोरगा एकदम आडवा आला, रिफ्लेक्टर नव्हता, अंधार होता. मागच्या चाकाचे फोटो आणि पंचनाम्यातलं वर्णन जुळलं की तो मुद्दा लंगडा पडतो. नाही जुळलं तर ते सायकलवाल्याच्या निष्काळजीपणाचे म्हणून काही टक्के कापायला पाहतात.

आता लोकअदालत. राष्ट्रीय लोकअदालत साधारण वर्षातून चारदा भरते, बहुधा शनिवारी. टेबलामागे न्यायाधीश आणि पॅनलचे सदस्य, समोर विमा कंपनीचा अधिकारी. त्याच्या फायलीत वरून मंजूर होऊन आलेला आकडा असतो. सुरुवात तो त्याहून खालून करतो, हे धरून चला. घासाघीस वीस-पंचवीस मिनिटांची, म्हणून आपला हिशोब घरून करून जावा.

समजा मुलगी १९ वर्षांची, कमाई नाही. न्यायाधिकरण काल्पनिक उत्पन्न धरतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका शाळकरी मुलीच्या दाव्यात कुशल कामगाराचं किमान वेतन धरलं होतं. महिना १२,००० धरू. वर्षाचे १,४४,०००. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की २,०१,६००. या वयाचा गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) १८, म्हणजे ३६,२८,८००. कामावर परिणाम करणारं अपंगत्व २० टक्के असेल तर ७,२५,७६०. याशिवाय औषधं, सोबतीचा माणूस, गाडीभाडं, खुराक आणि वेदनांची रक्कम वेगळी. शेतमजूर ४८ वर्षांचा असेल तर गुणक १३ आणि वाढ २५ टक्के.

फसगत होते ती इथेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे न पाहता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. मृत्यू झाला तर पाच लाख. कंपनी हे पटकन पुढे करते. एकदा ते स्वीकारलं की न्यायाधिकरणातला दावा संपतो. पाय कायमचा आखडलेल्या माणसासाठी हा तोट्याचा सौदा. साध्या फ्रॅक्चरला मात्र तो परवडू शकतो.

आमचा कापलेला दीड तारा मुख्यतः अपंगत्वाच्या दाखल्यापायी. हाड जुळायच्या आत जिल्हा सामान्य रुग्णालयाचं बोर्ड कायमचा टक्का देत नाही आणि द्यायलाही नको. त्यात दाखल्यावर 'डाव्या पायाचे ३० टक्के' असं एका अवयवाचं लिहिलेलं असतं. वावरात औताला जाणाऱ्याचा गुडघा वाकत नसेल तर त्याच्या कामाचं नुकसान ३० पेक्षा जास्त, गादीवर बसणाऱ्या दुकानदाराचं कमी. म्हणून कामाचं स्वरूप दाखवणारे कागद जोडा: सातबारा, कापूस विकल्याची हिशोबपट्टी, मजुरीचा दाखला.

प्लेट किंवा रॉड टाकला असेल तर तो काढायचं ऑपरेशन सहसा वर्षा-दीड वर्षाने येतं. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पुढच्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च हाडांच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर आधीच घ्या, नाहीतर तो खर्च खिशातून. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत इलाज झाला असेल तर त्या बिलाचे पैसे मागता येत नाहीत, पण बुडालेली मजुरी आणि सोबतीचा खर्च मागता येतो. सगळी बिलं मूळ, तारखेवार, नंबर घालून, वर यादी लावून. कच्च्या चिठ्ठ्या तिथे कुणी मानत नाही.

सही तडजोड पुरसीसवर, म्हणजे तडजोडीच्या अटी लिहून कोर्टात द्यायच्या कागदावर होते. ती वाचून पाहा. 'एकरकमी' म्हणजे व्याजासकट की व्याज वेगळं? पैसे किती दिवसांत जमा होणार, उशीर झाला तर किती व्याज? हे लिहिलेलं नसेल तर लिहायला लावा. कोर्ट फी परत मिळते, तीही विचारा.

एसटीची स्वतःची बस असेल तर समोर विमा कंपनी नाही, महामंडळच असतं. ट्रॅक्टरच्या केसमध्ये पॉलिसी शेतीची आणि ट्रॉलीत विटा असा घोळ निघतो. चालकाकडे लायसन्स नसेल तर कंपनी 'आम्ही आधी भरतो, मालकाकडून वसूल करतो' या आदेशावरही राजी होत नाही. अशा भांडणात लोकअदालतीत जाऊन वेळ घालवू नये, निकालच घ्यावा.

गाडी पळून गेली असेल तर ही सेवा तुमच्यासाठी नाहीच. तहसील कार्यालयात हिट अँड रन योजनेचा नमुना १ भरायचा: गंभीर दुखापतीला ५०,०००, मृत्यूला दोन लाख. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, रक्कम थेट खात्यात. पुढे गाडी सापडली आणि दावा जिंकला, तर ही रक्कम परत करावी लागते.